जुन्या लहान मोटारीची घरगुती दुरुस्ती

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे म्हणत असत. जुनी मोटार विकत घेऊन ती घरच्या घरी दुरुस्त करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला असता, तर या म्हणीला तिसरे कलम जोडावे लागले असते. तिन्ही व्यवहारांची जात एकच. आरंभी उत्साह फार, अंदाज थोडा, आणि खरा खर्च कोठे व्हावयाचा आहे हे काम निम्मे झाल्यावाचून उमगत नाही.

दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य ठाणे जे सिल्वासा, तेथे हा प्रसंग पुष्कळ घरांवर येतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, ११ ऑगस्ट १९६१ रोजी सारा मुलूख भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्यासह एका केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. मधल्या काळात गावाचे रूप पार पालटले. आमली, मसाट, पिपरिया या बाजूंस कारखाने उभे राहिले आणि गुजरातेतून, महाराष्ट्रातून, दूर उत्तरेकडून माणसे पोटामागे येथे आली. त्यांत फिटर आहेत, टर्नर आहेत, वेल्डर आहेत, विजेचे काम जाणणारे आहेत. लोखंडाची भीती नसलेला असा हा समाज. त्याच्या दाराशी बहुधा एक मोटारसायकल असते; आणि नवरा, बायको व दोन मुले अशी चौघे तिच्यावर बसून भर आषाढात दमणगंगेचा पूल ओलांडताना दिसली, की या घरात लहान मोटारीची इच्छा का उत्पन्न होते हे निराळे सांगावे लागत नाही. रविवारी तलासरीकडच्या नातेवाइकांकडे जावयाचे असते, म्हाताऱ्या आईला वापीच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे असते. नव्या मोटारीचे हप्ते झेपत नाहीत. परंतु नव्या मोटारसायकलीच्या किमतीत, किंबहुना त्याहूनही कमी पैशांत, पंधरा-वीस वर्षे वापरलेली लहान गाडी मिळू शकते. ती चालू स्थितीत आहे, असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. ती चालते एवढेच त्याच्या बोलण्यातून सिद्ध होते. ती थांबते की नाही, हे घेणाऱ्याने पाहावयाचे असते.

ही लहान गाडी बहुतेक वेळा मारुती ८०० असते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जिचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले, ती एका पिढीची गाडी होती; नाव नोंदवून तिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेली माणसे अजून भेटतात. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली तिच्या मालकाच्या हाती पडली आणि ते युग सरू लागले. सुझुकी या जपानी कंपनीच्या आराखड्यावर बांधलेल्या या गाडीची कारखान्यातील किंमत त्या वेळी पन्नास हजारांच्या आत होती. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत भारतात अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. शेवटच्या वर्षांत मात्र तिचा संसार लहान गावांकडे सरकला होता, कारण एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर, सुरत, अहमदाबाद अशा तेरा शहरांत धुराचे अधिक कडक मान लागू झाले आणि तेथे ही गाडी नवी विकणे बंद झाले.

घरगुती दुरुस्तीला ती सोयीची पडते याला कारणे आहेत. तिचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, अवघ्या तीन सिलिंडरांचे. सगळ्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. थोड्याफार फरकाने हेच इंजिन ओम्नीत आणि अल्टोतही बसविले गेले असल्यामुळे गास्केट, पट्टे, फिल्टर, क्लचची तार, ब्रेकचे लायनर या वस्तू तालुक्याच्या दुकानातही मिळतात. इसवी सन २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी विजेच्या नियंत्रणाखाली पेट्रोल फवारणारी व्यवस्था आली. त्यापूर्वीच्या गाडीतील बिघाड बहुतांशी डोळ्यांना दिसतो किंवा कानांना ऐकू येतो. नंतरच्या गाडीतील काही बिघाड मात्र यंत्र जोडूनच वाचावे लागतात. शिकाऊ माणसाला पहिली बरी वाटेल. तरीही केवळ तेवढ्यासाठी अधिक जुनी गाडी घेणे शहाणपणाचे नव्हे, कारण गाडीचे वय इंजिनापेक्षा तिच्या पत्र्यात अधिक साठते.

आणि येथेच बहुतेक गिऱ्हाइके चुकतात. ती बॉनेट उघडतात, इंजिन सुरू करवून घेतात, मान हलवितात, आणि आवाज चांगला आहे असे एकमेकांना सांगतात. वास्तविक या गाडीचे इंजिन ही तिच्यातील सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू होय. पत्र्याची गोष्ट निराळी आहे. मालट्रकला जशी खाली वेगळी लोखंडी चौकट असते, तशी या गाडीला नाही. तळ, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर हे पातळ पत्रे एकमेकांना जोडून झालेली पेटी हाच तिचा सांगाडा आहे. पुढची चाके ज्यावर उभी आहेत ते आधारही त्या पेटीचेच, आणि आसने व पट्टे ज्यांना बांधलेले आहेत ती भोकेही त्याच तळात. म्हणून अशा गाडीला लागलेला गंज हा दिसण्याचा दोष नसतो. घराच्या तुळईला लागलेल्या वाळवीसारखा तो समजला पाहिजे.

सिल्वासाचे हवामान या वाळवीला फार मानवते. चार महिन्यांत येथे साधारणतः दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पश्चिमेस समुद्र फार दूर नाही. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, आणि मीठ त्याचा वेग वाढविते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठे असते, म्हणून तो रंगाखाली फुगतो आणि वर बारीक फोड उठतो. तो फोड दिसेपर्यंत आतील काम पुष्कळ पुढे गेलेले असते. गाडी पाहावयास जाताना खिशात एक लोहचुंबक आणि फडक्याचा तुकडा असावा. फडक्यात गुंडाळलेला चुंबक दाराच्या खालच्या कडेवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवावा. जेथे तो धरीत नाही तेथे पत्रा गेलेला आहे आणि त्या जागी लांबी भरून वर रंग फासलेला आहे. मग पायाखालच्या चटया उचलाव्यात. विकणाऱ्याला हे रुचत नाही, तरीही उचलाव्यात. पेचकसाच्या मुठीने तळ ठोकावा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बदबदतो. बॅटरीच्या खालची जागा, स्टेपनीचा खळगा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड ही या गाडीची ठरलेली दुखणी आहेत.

सिल्वासाच्या पाटीविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या भागातील वाहनकर एके काळी शेजारच्या राज्यांहून बराच हलका असल्याने मुंबईकरांच्या कितीतरी मोटारी इकडच्या पत्त्यांवर नोंदविल्या गेल्या. तेव्हा पाटीवर ‘डीएन ०९’ आहे म्हणून गाडीने सारे आयुष्य दमणगंगेकाठी काढले असे समजण्याचे कारण नाही. ती वीस वर्षे मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असणे सहज शक्य आहे. पाटी पाहून गाडीचे गोत्र कळते, तिचा सहवास कळत नाही.

पत्र्यामागून कागद. सिल्वासाच्या एका अंगाला गुजरातचा वलसाड जिल्हा आणि दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा पालघर. त्यामुळे पाच-दहा मैलांवरून आणलेली गाडी ही कायद्याच्या दृष्टीने परप्रांतातून आलेली असते. तिच्या मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत पत्र लागते, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची झाल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार करण्यात आले. मुदत संपलेली गाडी स्वस्त पडते ती याच कारणाने. हे पैसे, मागे थकलेला दंड आणि विमा यांची बेरीज किमतीत मिळवूनच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी जुळत नसेल, तर चहा पिऊन परत यावे.

गाडी घरी आली, की घरातील प्रत्येकाला काहीतरी सुचू लागते. मुलांना गाण्याचे यंत्र हवे असते, गृहिणीला आसनांची कव्हरे, आणि खुद्द मालकाला रंग. हे सारे मागे ठेवले पाहिजे. कामाचा क्रम गाडीने ठरवावयाचा नसतो, तीत बसणाऱ्या माणसांच्या जिवाने ठरवावयाचा असतो. या हिशेबाने आरंभ ब्रेकपासून होतो. मग स्टिअरिंग व टायर, त्यामागून तळाचा पत्रा, नंतर इंजिन, आणि रंग अगदी अखेरीस. या मुलखात या क्रमाला काळाचीही मर्यादा आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि मृग लागेपर्यंत ती बहुधा तशीच राहते. तळाला लावलेला रंग वाळावयाला हीच हवा लागते. वैशाखात सुरू केलेले पत्र्याचे काम पावसाने गाठले, तर ताडपत्रीखाली उघड्या पडलेल्या पत्र्यावर एका आठवड्यात तांबूस साय धरते आणि केलेले सारे पुन्हा करावे लागते.

ब्रेकचे काम करावयाचे म्हणजे चाके काढणे आले आणि गाडी उचलणे आले. घरगुती दुरुस्तीत माणसे जायबंदी होतात ती येथे. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या आधारावर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. न उचललेल्या चाकांना दगडी अटकण, जॅकखाली जाड फळी, आणि गाडी उचलल्याबरोबर सांगाड्याच्या भक्कम जागी दोन लोखंडी घोड्या, एवढे झाल्यावाचून पाना हाती घेऊ नये. विटांचा ढीग हा घोडीचा पर्याय नव्हे. वीट तडकते ती सूचना देऊन तडकत नाही. सिल्वासासारख्या ठिकाणी, जेथे दर दुसऱ्या गल्लीत वेल्डिंगची दुकाने आहेत, तेथे दोन घोड्या बनवून घेण्यात कंजुषी करणे म्हणजे निव्वळ हट्ट होय.

या गाडीला साधारणतः पुढे चकतीचे आणि मागे ड्रमचे ब्रेक असतात. पायाने दिलेला दाब मुख्य सिलिंडरातील तेलातून, नळ्यांच्या वाटे, चारही चाकांपर्यंत जातो. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोचतो; परंतु त्या तेलात हवेचा एक बुडबुडा शिरला तरी जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्च होतो आणि पाय खोल जातो. हे तेल आणखी एका दृष्टीने नाजूक आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या प्रतीचे कोरडे तेल २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर सारखा ब्रेक दाबून चाके तापली, तेल उकळले आणि नळीत वाफ झाली, म्हणजे पायाखाली काहीच उरत नाही. जुन्या गाडीतील तेल कितव्या पावसाळ्यापासून तेथे आहे हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा ते पाहून ठरवू, असे म्हणण्यात अर्थ नाही, ते बदलावयाचेच.

या कामाला दोन माणसे लागतात आणि ती घरचीच असावीत हे उत्तम. चाकाच्या आतल्या बाजूस एक लहान तोटी असते. तिच्यावर पारदर्शक नळी चढवून नळीचे दुसरे टोक थोडे नवे तेल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवतात. मग गाडीत बसलेल्या पत्नीने किंवा मोठ्या मुलाने पेडल दाबून धरावयाचे, खाली बसलेल्याने तोटी सैल करावयाची, बुडबुडे व काळे तेल बाहेर आले की ती आवळावयाची, आणि नंतरच ‘सोड’ म्हणावयाचे. तोटी उघडी असताना वरचा पाय सुटला, तर गेलेली हवा परत आत येते. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ या तीन शब्दांपलीकडे त्या अर्ध्या तासात संसारातील दुसरा विषय निघू नये. मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करण्याची रीत आहे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत क्रम निराळा दिला असेल, तर तो मानावा. वरची डबी मधेच रिकामी होऊ द्यावयाची नाही, बाटलीत निघालेले तेल पुन्हा वापरावयाचे नाही, आणि ते रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुऊन काढावयाचे, कारण ते रंग खाते.

ड्रम उघडल्यावर आत साचलेली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांत जाऊन बसते. ओल्या फडक्याने ती पुसावी व फडके फेकून द्यावे. चाकाजवळच्या रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. बारीक चिरा दिसल्या तर त्या बदलण्याइतके स्वस्त काम साऱ्या गाडीत नाही. इतके करूनही मनात शंका उरली, तर गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखालून ब्रेक घालावेत. त्यात कमीपणा नाही. घरच्या वैद्यकीलाही कोठेतरी थांबावे लागतेच.

टायरांविषयी थोडक्यात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, हा कायदा. पण उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून म्हातारे होतात. टायरच्या कुशीवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. १४०९ असे असेल तर तो टायर २००९ च्या चौदाव्या आठवड्यातला, आणि त्याचा निरोप घेणे बरे.

तळाच्या पत्र्याकडे वळताना घरी काय करावे आणि काय करू नये याची रेघ स्पष्ट आखली पाहिजे. गंज वरवरचा असेल, खाली पत्रा घट्ट असेल, तर ते काम अंगणातले आहे. तारेच्या ब्रशाने व पॉलिश कागदाने चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासावे, खड्ड्यांतून उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावावे, ते वाळले की त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा. रात्रभर उघडे ठेवलेले लोखंड सकाळी पुन्हा गंजलेले असते. दाराच्या व पट्ट्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोके चिखलाने बुजलेली सापडतील. ती तारेने मोकळी करणे हे बिनपैशाचे काम आणि गाडीचे आयुष्य त्याने वर्षानुवर्षे वाढते. परंतु पत्र्याला भोक पडले असेल, तर लांबी किंवा काचतंतूचे कापड चिकटवून ते झाकणे ही फसवणूक आहे, मग ती गिऱ्हाइकाची असो की स्वतःची. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडणे हा एकच उपाय आहे. कारखान्यात जाड नळ जोडणारा शेजारी मोठ्या आपुलकीने पुढे येतो; पण मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि जाड कांडीने तो सांधण्याऐवजी जळून मोठे भोक पडते. पातळ तारेचे, ज्याला दुकानात ‘सीओटू’ म्हणतात ते वेल्डिंग येथे हवे, आणि तेही ठिपक्याठिपक्यांनी. पेट्रोलची टाकी व नळ्या जवळच असतात. हे काम दुकानात, बॅटरी सोडवून, आतील चटया व आसने काढून आणि विझवण्याचे साधन हाताशी ठेवून करवून घ्यावे.

इंजिनाकडे येईपर्यंत पुष्कळांचा निम्मा उन्हाळा संपलेला असतो, आणि गमतीची गोष्ट अशी की येथले काम त्या मानाने सुखाचे आहे. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. सारी गाडी त्या बाजूला जोडलेली असल्यामुळे धन बाजू आधी सोडविताना पाना कोठेही टेकला तरी ठिणगी उडते. तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा फिल्टर व तिन्ही स्पार्क प्लग बदलावेत. जुने प्लग फेकण्यापूर्वी ओळीने मांडून पाहावेत, कारण ते तिन्ही सिलिंडरांची पत्रिका सांगतात. फिकट तपकिरी टोक निरोगी. कोरडे काळे असेल तर पेट्रोल अधिक जाते आहे. तेलकट ओले असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत, आणि तसे असल्यास धुरातही निळी छटा दिसावी. प्लगच्या तारा काढताना प्रत्येकीवर खूण करावी. या इंजिनात ठिणगीचा क्रम एक-तीन-दोन असा आहे, आणि दोन तारांची अदलाबदल झाली तर धडधाकट इंजिनही खोकत राहते. कॅमशाफ्ट फिरविणारा दातेरी पट्टा शेवटचा केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर तो जुनाच आहे असे धरून चालावे. तो तुटला की इंजिन जागच्या जागी बंद पडते, आणि ती जागा आपण निवडलेली नसते.

थर्मोस्टॅटविषयी मात्र आपल्या मिस्त्री मंडळींशी मतभेद नोंदविला पाहिजे. गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकावयाचा, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. ती लहानशी झडप पाणी योग्य उष्णतेला येईपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढली की इंजिन थंडच राहते, पेट्रोल अधिक पिते आणि लवकर झिजते. तापण्याचे खरे कारण मात्र तसेच राहते. ते कारण बहुधा रेडिएटरच्या गाळाने भरलेल्या नळ्यांत किंवा न फिरणाऱ्या विजेच्या पंख्यात सापडते. आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी अधिक होत नाही.

पेट्रोलच्या नळ्यांचा प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला आहे. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. ही जुनी गाडी बांधली गेली तेव्हा असे इंधन कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ होते, चिरते. शिवाय ते पाणी ओढून घेते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या साऱ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घालून घ्याव्यात आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवावयाची असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल काय करील हे सांगावयास नको. कार्ब्युरेटर उघडण्याची हौस असेल तर त्याची बारीक छिद्रे तारेने टोकरू नयेत. तार छिद्र मोठे करते आणि मग गाडी कायमची खादाड होते. द्रावणाने धुऊन हवेने फुंकावीत.

रंगाबद्दल इतकेच, की मूळ रंग बदलावयाचा असेल तर नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. आसनांच्या कव्हरांआधी आसनांचे पट्टे पाहावेत. जुन्या गाड्यांत मागच्या पट्ट्यांची चंगळ नसते, आणि ज्या बोल्टांना ते अडकवावयाचे त्यांच्याभोवतीचा पत्रा शाबूत आहे की नाही, हे वर सांगितलेल्या ठोकाठोकीतच पाहून घ्यावयाचे असते. कितीही दुरुस्ती केली तरी ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित होणार नाही. हवेच्या पिशव्या तिच्यात नाहीत, आणि धडकेच्या चाचणीचे नियम आपल्याकडे २०१७ मध्ये नव्या गाड्यांना लागू झाले, तेव्हा तिचे उत्पादन संपून तीन वर्षे लोटली होती. तिच्याकडून वेगाची अपेक्षा करू नये आणि महामार्गावर रात्री तिला मालट्रकांच्या रांगेत घालू नये.

या कामात एक सुख सीमेवरच्या गावाला विशेष लाभते. सिल्वासाच्या दुकानात गुजराती, मराठी, हिंदी आणि वारली बोलणारी माणसे एकाच गाडीभोवती उभी असतात. मराठी माणसाने ‘पाना’ मागितला आणि गुजराती माणसाने ‘पानुं’ मागितले, तरी पुढे येणारी वस्तू एकच असते. अडलेल्या नटाला काय करावे याविषयी मात्र प्रत्येकाचे मत वेगळे असते.

विमा उतरविला, धुराचे प्रमाणपत्र घेतले, की पहिली फेरी. ती गल्लीतच, पायी चालण्याच्या वेगाने, हातब्रेकवर हात ठेवून करावी आणि दहा वेळा थांबून पाहावे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तेथूनच परत फिरावे. हे जमल्यावर एखाद्या कोरड्या सकाळी खानवेलचा रस्ता धरावा. सिल्वासापासून वीस किलोमीटरांच्या आसपासचा हा पल्ला गाडीची परीक्षा घेण्यास पुरेसा आहे आणि परत येण्यास फार नाही. मुले त्या दिवशी घरीच असावीत. वाटेत दोनदा थांबून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ तळहात न्यावा, टेकवू नये. एक चाक इतरांहून फार तापलेले असेल तर त्याचा ब्रेक अडकून राहतो आहे. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळावेत, इंजिन निवाले की तेलाची काडी पाहावी, आणि रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावरचे डाग वाचावेत. काळा-तपकिरी डाग इंजिनाच्या तेलाचा असतो. हिरवट व गोडसर वासाचा असेल तर रेडिएटरच्या पाण्याचा, आणि तो घरातल्या कुत्र्यामांजरांपासून जपावा, कारण ते पाणी विषारी असते. चाकाच्या आतल्या अंगाला फिकट पिवळा, निसरडा थेंब आढळला, तर त्या दिवशी गाडी काढू नये. घोड्या पुन्हा बाहेर काढाव्यात.